पंधरा वादक आणि मधमाद सारंग: सा-म अंतराच्या कॉर्डची पार्श्वभूमी

मांडो ही गोव्याची कोंकणी गीतं दोन आवाजांत गातात. चालीखालचा दुसरा आवाज सहसा तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतरावर चालतो. चर्चच्या शाळांत मेस्तने, म्हणजे संगीतशिक्षकाने, शिकवलेलं सोल्फेज (स्वरनावं घेत गाणं) आणि हातातला रबेक, म्हणजे व्हायोलिन, यांतून गोव्याचा हा कान घडला. मंगेशी-फोंड्याकडचा कान तंबोऱ्यावर पोसलेला, तिथे सा जागचा हलत नाही. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकाच छताखाली शिकवतात, पण रागावर चेंबर ऑर्केस्ट्रासाठी (थोड्या वादकांच्या वाद्यवृंदासाठी) लिहायला बसलं की हे दोन कान भांडतातच.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि त्यांच्या रचनांत सारंग रागातला कॉन्चेर्तोही (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आहे. त्याच कुळातला मधमाद सारंग घेऊ: सा, रे, म, प, कोमल नी. ग आणि ध वर्ज्य. आता एकाआड एक स्वर घेऊन नेहमीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बांधून पाहा. सावर बांधायची तर ग लागतो, रेवर ध लागतो. हाती दोनच उरतात, प-नी-रे आणि नी-रे-म, आणि दोन्हींत सा नाही! त्यांच्यावर भिस्त ठेवली की थोड्याच वेळात ऐकणाऱ्याला कोमल नी हेच घर वाटू लागतं. एकही स्वर रागाबाहेरचा नसतो, त्यामुळे कागदावर शोधून ही चूक सापडत नाही.

यावरचा उतारा व्हिएन्नातून आला, तोही रागाशी काडीचा संबंध नसताना. 1906 मध्ये तिथले रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी पहिली चेंबर सिम्फनी लिहिली. तिच्या सुरुवातीला हॉर्न सा-म अंतराने सहा स्वर चढत जातो. सा पांढरी एकचा (पाश्चात्त्य C) धरला तर ते होतात रे, प, सा, म, कोमल नी, कोमल ग. पहिले पाच म्हणजे अख्खा मधमाद! सहाव्याला तेवढं बाहेर ठेवायचं. सा-म अंतराने रचलेल्या या कॉर्डला एकाआड एक स्वर लागतच नाहीत, म्हणून ग-धची उणीव भासत नाही.

मात्र खाली रे ठेवून ती जशीच्या तशी वाजवली तर घर रेकडे सरकतं. म्हणून डबल बास आणि चेलो सावर ठेवावेत आणि थर त्यांच्या वर रचावा: व्हायोलाला रे, दुसऱ्या व्हायोलिनला प-सा, पहिल्याला म-नी. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार पांढरी एकचीच, त्यामुळे तंबोरा आयता मिळतो. दोन चेलो असतील तर गज एकाच वेळी फिरवू नये, नाहीतर तंबोऱ्याला धाप लागल्यासारखं वाटतं.

शोनबर्गच्या पंधरा वादकांत दहा फुंकवाद्यं आहेत आणि तंतुवाद्यं पाचच. जोरकस जागी व्हायोलिन बुडतं. 1935 मध्ये त्यांनी स्वतःच हीच कृती मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा बांधली. आजच्या रचनाकाराने फुंकवाद्यं सहा-सातवर आणून उरलेल्या जागी तंतुवाद्यं घेतलेली बरी.

घाटही तिथूनच घेता येतो, पण निम्माच. त्या कृतीत सोनाटा या पाश्चात्त्य रचनाप्रकाराच्या पोटात स्केर्झो हा जलद भाग आणि एक संथ भाग बसवले आहेत, मध्ये थांबा नाही. हे सलग चालणं आपल्याला मानवतं. पण सोनाटा पट्टी बदलून पुढे सरकतो, आणि रागात सा हलवला की राग गेला. मग पुढे न्यायचं कशाने? सप्तकाने, लयीने आणि एका वेळी किती जण वाजवतात त्याने. आलापाला तीन वादक पुरतात, सगळे पंधरा द्रुतासाठी राखावेत.

राहिला सूर. सा-म अंतर तंतुवाद्यांवर शुद्ध लावलं तर 498 सेंट येतं, पियानोच्या हिशेबात 500. (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग.) रेपासून चार पायऱ्या चढेपर्यंत कोमल नी 8 सेंट उतरलेला असतो, आणि तोच नी पियानोच्या हिशेबात वाजणाऱ्या क्लॅरिनेटला दिला असेल तर दोघे घासतात. तालमीत कॉर्ड खालून वर जुळवू नये. साला मधे धरून दोन पायऱ्या वर आणि दोन खाली जुळवली की फरक दोन्हीकडे 4 सेंटच उरतो.