टर्बो मोटारीची इंधनप्रवाह चाचणी

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा इंधनपंप पूर्ण बूस्टवर (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या जादा दाबावर) इंजिनाला पुरेल इतके पेट्रोल देतो का, हे मोजून पाहण्याची पद्धत. बूस्ट वाढवण्याआधी किंवा मोठे इंजेक्टर बसवण्याआधी ती करायची असते. आठवते मात्र बहुधा पिस्टनला भोक पडल्यावर. टर्बो हवा कोंबत राहतो. तिच्या मानाने पेट्रोल कमी पडले, की मिश्रण ‘लीन’ होते, इंजिन नॉक करू लागते (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात) आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो.

सगळी मेख दाबात आहे. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला बूस्ट इंजेक्टरच्या तोंडावर उलटा रेटा देतो. त्यामुळे मूळ दाब 3 बार असलेल्या गाडीला 1 बार बूस्टवर रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) 4 बार लागतात. मॅनिफोल्डची नळी जोडलेला रेग्युलेटर हा दाब वाढवतो. पण दाब चढला की पंपातून येणारे पेट्रोल घटते. म्हणून मोकळ्या नळीखाली बाटली धरून ‘पंप झकास आहे’ असे सांगणाऱ्या मेस्त्रीवर विसंबू नये.

रिटर्न पाइप (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) असलेल्या गाडीत तो पाइप सोडवून मापाच्या कॅनमध्ये घालतात. इंजिन बंद ठेवून रिलेतून (पंपाला वीज देणाऱ्या स्विचमधून) पंप चालवतात आणि हातपंपाने रेग्युलेटरच्या नळीत बूस्टइतका दाब देतात. अर्धा मिनिट पेट्रोल गोळा करून दुप्पट केले, की मिनिटाचा प्रवाह मिळतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे 270 ग्रॅम इंधन लागते असे धरले, तर 300 अश्वशक्तीला 81 किलो, म्हणजे साधारण 110 लिटर होतात, मिनिटाला 1.8 लिटर. त्यावर 15-20 टक्के राखीव हवे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असेल, तर शुद्ध पेट्रोलपेक्षा आणखी 6 ते 8 टक्के धरावे लागतात.

चाचणी करताना पंपाच्या प्लगवरच मल्टिमीटर लावावा. इंजिन चालू असताना पंपाला साधारण साडेतेरा व्होल्ट मिळतात. नुसत्या बॅटरीवर मोजल्यास प्रवाह कमी दिसतो आणि चांगला पंपही नापास ठरतो. गोव्यात ही बाब जास्त भोवते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचे टोक आणि प्लगच्या पिना गंजतात, वाटेत एखाद-दीड व्होल्ट गळतो आणि दोष पंपाच्या माथी येतो. पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे पेट्रोलही तपासावे, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले तर ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते, आणि पंप तळातूनच ओढतो.

रिटर्न नसलेल्या गाड्यांत ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे रेलच्या दाबाची नोंद पाहतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआयसारख्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत फक्त टाकीकडची कमी दाबाची बाजू मोजावी. पुढच्या बाजूला शंभराहून अधिक बार दाब असतो. ती नळी गॅरेजमध्ये सोडवणे म्हणजे जिवाशी खेळ. एरवीही काम उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून करावे आणि बॅटरीच्या तारेची ठिणगी कॅनजवळ पडू देऊ नये.

खरा कस भाराखाली लागतो. चोर्ला घाटाच्या चढणीवर गाडी दम सोडते ही तक्रार खरी असली, तरी तपास डायनोवरच (गाडी जागेवर भाराखाली पळवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) करावा: बूस्ट चढत असताना रेलचा दाब त्याच्या बरोबरीने वाढत नसेल, तर फिल्टर आणि वायरिंग पाहून मगच पंपाला हात लावावा.