केमोच्या औषधांचे दुष्परिणाम: नोंद कोण करू शकतं, कागद कोणते लागतात?

केमो म्हटली की त्रास व्हायचाच, असं धरून चालल्यामुळे कॅन्सरच्या औषधांचे बरेच दुष्परिणाम केसपेपरवरच राहतात. ते सरकारदरबारी नोंदवण्यासाठी भारतात २०१० पासून औषध सतर्कता कार्यक्रम (फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, म्हणजे पीव्हीपीआय) सुरू आहे. त्याचं काम गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग पाहतो.

आधी एक गोष्ट. केमोनंतर १०१ फॅरेनहाइटच्या आसपास ताप आला तर फॉर्म शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग झपाट्याने पसरतो. नोंद नंतरही करता येते.

कोण कळवू शकतं?
डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, तसंच रुग्ण स्वतः किंवा नातेवाईक. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरेसा असतो. शुल्क नाही. रुग्णाची ओळख गुप्त राहते आणि नोंद केली म्हणून कळवणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

फॉर्ममध्ये काय लिहायचं?
डॉक्टर-नर्ससाठी वेगळा फॉर्म आहे, रुग्णांसाठी वेगळा, आणि रुग्णांचा मराठीतही आहे. रुग्णाची आद्याक्षरं व वय, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणाऱ्याचा संपर्क एवढं तरी हवंच.

खरी मेहनत औषधांच्या रकान्यात आहे. केमोच्या एकाच सायकलमध्ये (म्हणजे फेरीत) दोन-तीन औषधं, शिवाय उलटीचं इंजेक्शन, स्टिरॉइड, घरी चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या. त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवणं अवघड जातं. म्हणून सगळं लिहा, काढेसुद्धा. डोस, सायकलची तारीख आणि त्रास कधी सुरू झाला तेही लिहा. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, पुन्हा दिल्यावर परतला का, हे तर आवर्जून लिहा. तज्ज्ञांना त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. जुनी औषधंही गाळू नका: डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधामुळे हृदयाला झालेली इजा काही वर्षांनी दिसू शकते, इम्युनोथेरपीचा (कॅन्सरशी लढायला प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधं) थायरॉइडवर किंवा आतड्यावर होणारा परिणाम उपचार संपल्यावरही.

हाताशी डिस्चार्ज कार्ड, केमोचा चार्ट आणि आधीचे-नंतरचे रक्ताचे रिपोर्ट ठेवा. बॅच नंबर बाटलीवर असतो. बाटली टाकून देण्याआधीच नर्सकडून तो टिपून घेतलेला बरा.

कुठे द्यायचं?
अनेक मेडिकल कॉलेजांच्या औषधशास्त्र विभागात दुष्परिणाम निरीक्षण केंद्र असतं, तिथे. नाहीतर कामकाजाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर.

ही तक्रार नव्हे. यातून नुकसानभरपाई मिळत नाही. नोंदी तपासून राष्ट्रीय माहितीसाठ्यात जातात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक माहितीसाठ्यात.

औषध क्लिनिकल ट्रायलमध्ये (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) मिळत असेल तर रस्ता वेगळा: त्रास आधी ट्रायलच्या डॉक्टरांना कळवायचा. त्यांचा आणि एथिक्स कमिटीचा (चाचणीतल्या रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती) संपर्क तुम्ही सही केलेल्या संमतीपत्रात असतो.