भाषेच्या तासाला खेळ : भेंड्यांपासून बंगळूर प्रकल्पापर्यंत

भाषेच्या तासाला खेळ घेणे हे काही आजकालचे खूळ नव्हे. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस सतराव्या शतकात मुलांकडून लॅटिनमधली नाटके बसवून घेत असे. त्याचे चित्रमय पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये छापले गेले. आपल्या भेंड्यांना तर कुणी 'पद्धत' म्हटलेच नाही. मराठी शिकणाऱ्यांना शब्दांच्या भेंड्या खेळायला दिल्या, की 'बाण' किंवा 'केळ' येताच गाडी अडते, कारण ण आणि ळ ने सुरू होणारे शब्द मराठीत नाहीतच म्हटले तरी चालेल. ण ऐवजी न, ळ ऐवजी ल, हे आधीच ठरवून घ्यावे. मात्र भेंड्यांत शब्द आठवतात, बोलणे होत नाही.

बोलण्याचा प्रश्न इंग्रजीच्या वर्गांत ऐरणीवर आला. स्वातंत्र्यानंतरच्या अभ्यासक्रमात वाक्यरचना क्रमाने लावून घोटून घेत. वर्गात वाक्य बिनचूक यायचे, बाहेर वापरायची वेळ आली की कोलमडायचे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा शाळांमधला बंगळूर प्रकल्प (१९७९–८४) यातूनच निघाला. त्यांनी व्याकरणाची यादी बाजूला ठेवून मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे असली कामे ठेवली. गाडी ९.४० ला सुटते, १२.१५ ला पोचते; प्रवास किती वेळाचा? असा एक प्रश्न शिक्षक सगळ्या वर्गासोबत तोंडी सोडवायचा, मग तसाच दुसरा ज्याने त्याने एकट्याने. निदान अर्ध्या वर्गाला निदान अर्धे काम जमले, तर काठिण्य योग्य. गटकाम मात्र प्रभूंनी टाळले: मुले एकमेकांच्या चुका पक्क्या करतात, असे त्यांचे मत. ते पूर्ण पटत नाही, पण भीती खोटी नाही.

त्यांनी कामांचे तीन प्रकार केले: माहितीतली तफावत (एकाजवळचे दुसऱ्याने विचारून काढायचे), तर्कातली (दिलेल्यावरून नवे शोधायचे) आणि मतांमधली (आपले मत मांडायचे). आज जोडीने खेळायचे बहुतेक खेळ पहिल्या प्रकारातले. दोघांकडे जवळपास सारखी चित्रे, पाच-सहा फरक. न दाखवता, फक्त विचारून शोधायचे. शेजारी बसवले की चित्रात डोकावतात आणि बोलणे संपते, म्हणून पाठीला पाठ लावून बसवावे. 'कुठे आहे?', 'किती आहेत?', 'कोणत्या रंगाचा?' हे प्रश्न आधी फळ्यावर हवेत, नाहीतर सगळा खेळ घरच्या भाषेत उरकतो.

'चुकला तो बाद' हा नियम मात्र भाषेच्या तासाला घातकच. ज्याला सरावाची सर्वांत गरज, तोच दुसऱ्या मिनिटाला बाहेर बसतो. बाद करण्याऐवजी गुण कापावा आणि पुढची पाळी द्यावी.