शिक्षक संघटनांचे स्मृतिपुरस्कार, कोल्हापूर

शिक्षक संघटनेसाठी झिजलेल्या दिवंगत कार्यकर्त्याच्या नावाने, तशाच वळणाचे काम करणाऱ्या शिक्षकाला किंवा शिक्षकेतर कर्मचाऱ्याला दिला जाणारा स्थानिक पुरस्कार. शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षक पुरस्कार प्रामुख्याने शाळेतल्या कामगिरीसाठी असतो. इथे पाहिले जाते ते शाळा सुटल्यानंतरचे काम: सभासद नोंदणी, वर्गणी, निवेदने, मोर्चे आणि मुख्यतः सहकाऱ्यांच्या अडलेल्या फायली.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि गावोगावी गुरुजींची गरज निर्माण झाली. पुढे खासगी संस्थांचे जाळे पसरले. बापूजी साळुंखे यांची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था १९५४ ची. शाळा वाढल्या तसे संस्थाचालक आणि शिक्षक यांच्यातले तंटेही वाढले. खासगी शाळांतील सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये आला, त्याची नियमावली १९८१ मध्ये. तोवर शिक्षकाची नोकरी बरीचशी चालकांच्या मर्जीवर असे.

या कायद्याने बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय केली. मात्र बडतर्फीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘कामगार’ नाही असा निर्णय दिल्यामुळे कामगार न्यायालयाचा रस्ताही त्याला बंद झाला. त्यामुळे आदेश हातात पडलेल्या गोंधळलेल्या शिक्षकाला त्याच संध्याकाळी वकिलाकडे नेणारा संघटनेचा माणूस किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. उच्च न्यायालयाचे काम असले की रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, तोवर हे असेच चालले.

बाकी काम कमी नाट्यमय, पण त्याला अंत नाही. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी, वैद्यकीय बिले, नेमणुकीची वैयक्तिक मान्यता, संचमान्यतेत (विद्यार्थीसंख्येवरून शाळेची पदे ठरवताना) अतिरिक्त ठरलेल्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन, शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतल्या त्रुटी, निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तकात सापडणारी राहून गेलेली नोंद. अशा कामाचे प्रमाणपत्र कुणी देत नाही. केस मिटली की लाभार्थीही बहुधा विसरतो. स्मृतिपुरस्काराला खरा अर्थ येतो तो या विस्मरणामुळे.

निधीची रीत साधी असते. कुटुंबीय किंवा सहकारी ठरावीक रक्कम संघटनेकडे देतात, ती बँकेत वा शिक्षकांच्या पतसंस्थेत मुदत ठेवीत राहते आणि व्याजातून पुरस्कार दिला जातो. एक लाखाच्या ठेवीवर सात टक्के दराने वर्षाला सात हजार मिळतात. त्यात मानचिन्ह, सभागृहाचे भाडे आणि चहापाणी बसवायचे. दर उतरले की रोख रक्कम आटते, शाल-श्रीफळ मात्र टिकते. निवड समितीत जुने पदाधिकारी आणि कुटुंबातील एखादी व्यक्ती असते. शाखांकडून नावे मागवतात. काही ठिकाणी अर्ज चालत नाही, कुणीतरी नाव सुचवावे लागते. ही अट चांगली आहे, कारण स्वतःच्या कार्याचा अहवाल जाडजूड फायलीत बांधून देणारा माणूस बहुधा दुसऱ्यांच्या फायलींत कमी रमलेला असतो.

समारंभ पुण्यतिथीला, वार्षिक सभेत किंवा अधिवेशनात होतो. शहरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवन अशा कार्यक्रमांसाठी सोयीचे. कोल्हापुरी फेटा बांधल्याशिवाय इथला सत्कार पुरा होत नाही. मानपत्रांची भाषा ठरलेली असते. त्यातले ‘अजातशत्रू’ हे विशेषण तर वगळलेलेच बरे. वीस वर्षे शिक्षणाधिकारी कार्यालय आणि पगार काढणाऱ्या वेतन पथकाशी भांडूनही ज्याचा कुणी शत्रू झाला नाही, त्याने भांडण केले तरी कसे?

टीका होते ती निवडीवर. पतसंस्था, शिक्षक बँक, शिक्षक मतदारसंघ अशा निवडणुकांत संघटना गटांत विभागल्या जातात आणि पुरस्कार आपल्या पॅनेलच्या माणसाकडे झुकतो. पुणे शिक्षक मतदारसंघात कोल्हापूरसह पाच जिल्हे येतात, त्यामुळे विधान परिषदेची निवडणूक जवळ आली की व्यासपीठावरची गर्दीही वाढते. संस्थाचालकाच्या हस्ते पुरस्कार द्यावा का, हा वादही जुनाच.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांच्या जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, त्यात शिक्षकही उतरले. त्या पिढीतले अनेक कार्यकर्ते अजून नोकरीत आहेत. ‘सेवानिवृत्तांनाच’ अशी अट घालणाऱ्या पुरस्कारांच्या यादीत त्यांची नावे येण्यास अजून काही वर्षे लागतील.