महामार्गावरची सुरमई आणि तलावातली मरळ

भंडारा जिल्ह्यात महामार्गालगत ‘सी-फूड’ची पाटी लावलेल्या एका हॉटेलात घरची मंडळी घेऊन जेवायला गेलो. “मुंबईचा माल आहे जी, आजच आला,” वाढणारा पोरगा म्हणाला. सुरमईचा तुकडा वरून छान खरपूस होता. मोडला तर आतून कोरडा, भुसभुशीत, आणि मसाल्याखालून नाकाला झोंबणारा दर्प. “समुद्राच्या मासोळीले असाच वास येते,” म्हणत पुतणीनं ताट सरकवलं. आपल्याकडे हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे.

ताज्या सुरमईला असा दर्प नसतोच. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात, माशाच्या अंगात त्याहून बरेच कमी. त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ही ओढ सोसण्यासाठी समुद्री मासे जे उपाय करतात, त्यांतला एक म्हणजे स्नायूंत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं रसायन साठवणं. त्याला स्वतःला वास नाही. पण मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच तो दर्प. म्हणजे वास समुद्राचा नसतो; मासा मेल्यापासून गेलेल्या वेळेचा आणि वाटेतल्या उष्णतेचा असतो. बर्फात, 0 अंशाला मासा ज्या वेगानं खराब होतो, त्याच्या साधारण चौपट वेगानं तो 10 अंशाला होतो. मुंबईहून नागपूरच 700 किलोमीटरच्या पलीकडे, आणि भंडारा त्याच्याही पुढे. वाटेत बर्फ कमी पडला की झालं.

लिंबू पिळलं की दर्प दबतो, कारण आम्लामुळे त्या अमाइनचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. मासा मात्र होता तसाच शिळा राहतो. सुरमई, बांगडा, कुपा यांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. हे मासे गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं अपायकारक रसायन तयार होतं आणि ते तळून-शिजवून जात नाही. जिभेला चुरचुर जाणवली, तर भिडेखातर खाऊ नका.

भुसभुशीतपणाचं कारण निराळं. मासा सावकाश गोठला की बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात. वितळताना रस गळून जातो. वीज जाऊन-येऊन मासा पुन्हा पुन्हा गोठला तर आणखीच. ताबडतोब गोठवलेला आणि सलग उणे 18 अंशाला ठेवलेला मासा उत्तम लागतो, त्यामुळे गोठवण्याला सरसकट नावं ठेवू नयेत.

मला खरं वाईट वाटलं ते मेनूकार्ड पाहून. मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांच्या या जिल्ह्यात त्यावर रोहू नाही, कतला नाही, मरळ नाही! गोड्या पाण्यातल्या माशांत ते ऑक्साइड फारच थोडं, म्हणून तो दर्पही नाही. त्यांना कधीकधी मातकट वास येतो, तो जिओस्मिनचा. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही हेच रसायन असतं. पाण्यातले नील-हरित जिवाणू ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. आम्लात ते मोडतं, म्हणून चिंचेच्या कोळातली मासोळी मातकट लागत नाही. मरळ तर हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ओलसर ठेवली तर पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. मासेमारी करणारे ढिवर बांधव ती आठवडी बाजारात जिवंत विकायला आणतात. हॉटेलवाल्यांनी तिथूनच खरेदी करावी.