अंगठा आधी, कायदा मागून

चोपड्याकडच्या एका गावात रेशनची रांग अडली होती. केळी कापणीचे दिवस. रांगेच्या तोंडाशी उभे असलेले बाबा तिसऱ्यांदा म्हणाले, "जिभाऊ, मना अंगठा लागत नही." चिकाने काळी पडलेली बोटं त्यांनी धोतराला पुसली, मग केसांतून फिरवली. थोडं तेल लागलं की ठसा उठतो, हे आता गावात सगळ्यांना पाठ आहे. मशीन तरी ऐकेना. शेवटी ओटीपीवर आलं. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा सुरतेला ड्युटीवर. बऱ्याच वेळाने फोन लागला. मुलाने आकडे सांगितले, दुकानदाराने ते मोठ्याने म्हणत म्हणत दाबले. सगळ्या रांगेने ऐकले.

हा अंगठ्याचा कारभार देशात सुरू झाला तो आपल्या खान्देशातूनच. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभलीला आले. तिथल्या आदिवासी गावकऱ्यांना देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. फोटो, दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा, आणि त्याबदल्यात बारा आकडे. मंडप उठला. मजुरीसाठी गुजरातची वाट धरणं काही या भागातून गेलं नाही.

त्या दिवशी आधारचा कायदा नव्हता, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधार चालवणारं प्राधिकरण २००९ मध्ये सरकारी आदेशाने उभं राहिलं, नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. विधेयक २०१० च्या डिसेंबरात संसदेत आलं, पण वर्षभराने यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते स्वीकारायला नकार दिला. ठसे घेणं मात्र चालूच राहिलं. कायदा झाला २०१६ मध्ये, तोही धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येणार नाही अशा वाटेने. तोवर कोट्यवधी लोकांचे ठसे जमा झाले होते.

पण ठसे देण्याची सवय याहून फार जुनी. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा, म्हणून 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपल्याकडे हिणवायला वापरतात. ज्याला कागद वाचता येत नाही त्याने आपलं अंगच कागदावर ठेवायचं, असा तो व्यवहार. सरकारनेही हे लवकर हेरलं. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात पोलिसांचं ठसे विभागाचं कार्यालय सुरू झालं. मग १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यात नोंदवलेल्या माणसाचे ठसे सरकारी अधिकारी कधीही मागू शकत. पारध्यांसारख्या जमातींच्या वाट्याला जन्मानेच संशय आला, हजेरी आली, गाव सोडायला परवाना आला. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. ज्यांच्या आजोबांचे ठसे संशयित म्हणून घेतले गेले, त्यांचेच आता लाभार्थी म्हणून घेतले जातात.

पाळतीवर सर्वोच्च न्यायालयात पहिला मोठा वाद झाला तो उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांचा. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या दारावर पोलीस रात्री-अपरात्री थापा मारत. १९६२ च्या निकालात न्यायालयाने रात्रीच्या थापा थांबवल्या, पण गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं काही मानलं नाही. २०१५ मध्ये आधारच्या खटल्यात सरकारने हाच निकाल, आणि १९५४ चा एक, पुढे केला: गोपनीयतेचा असा हक्कच राज्यघटनेत नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची याचिका २०१२ पासून चालू होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, हक्क आहे. टेंभलीनंतर जवळजवळ सात वर्षांनी.

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, चार विरुद्ध एक मताने आधार टिकलं. न्या. धनंजय चंद्रचूड विरोधात होते. सिमकार्ड आणि बँक खात्याला सक्ती नको, रेशनसारख्या लाभांना चालेल. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाइल कंपन्यांना 'स्वेच्छेने' दिलेलं आधार घ्यायची वाट पुन्हा मोकळी झाली. काउंटरवर 'स्वेच्छेने' म्हणजे काय, हे कधी सिम घ्यायला गेलेल्याला विचारा.

त्याच २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकरण उघड झालं. जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठे उचलून कुणी तरी रबरी ठसे बनवले आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. एटीएमचा पिन बदलून मिळतो, अंगठा कुठून आणणार? त्यावर 'बायोमेट्रिक लॉक'ची, म्हणजे आपल्या ठशांना कुलूप लावायची, सोय आहे खरी, पण ती वापरायला आधारला जोडलेला नंबर हाताशी लागतो. सातपुड्याच्या पाड्यांवर तर आधी रेंज लागते. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने सूचना काढली की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत ती मागे घेतली गेली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. तोवर तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्स दुकानात पुसट कॉप्यांचा गठ्ठा साचलेलाच होता. काहींत भज्यांचे पुडे बांधले गेले असतील तर नवल नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: संमती. गेल्या महिन्यात शेजारच्या आक्कांबरोबर केवायसीला सेवा केंद्रावर गेलो होतो. पडद्यावर संमतीचा परिच्छेद आला, इंग्रजीत, खाली छोटा चौकोन. आक्कांनी चष्मा काढायला पिशवीत हात घातला, तोवर केंद्रावरच्या पोराने चौकोनात टिक करून मशीन पुढे सरकवलं. "अंगठा ठेवा, माय."