‘ळ’ कुठे लपतो?

आषाढातली दुपार. देवगडजवळच्या आमच्या घरी सकाळपासून वीज नव्हती, मोबाइल शेवटच्या घटका मोजत होता आणि पागोळ्यांनी ओटीसमोर पडदा धरला होता. मुंबईहून आलेल्या भाच्याने माळ्यावरून स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, जुना डबा काढला. एक सोंगटी हरवलेली, तिच्या जागी चिंचोका ठेवला. चौथ्या हाताला त्याच्याकडे ‘क्यू’ आला. त्याचे गुण 10, पण इंग्रजीत ‘क्यू’मागे बहुतेक वेळा लागणारा ‘यू’ सोबत नाही. पोरगा दहा मिनिटं आढ्याकडे बघत बसला.

“क्यूने सुरू होणारा शब्द आठवतोय,” तो म्हणाला.

त्याची मामी कोळंबी सोलत होती. इंग्रजीशी तिचा संबंध औषधाच्या पाकिटापुरता. तरी ती म्हणाली, “सुरवातीकच कित्याक शोधतस? मधीच आसलो तर?”

नेमकं बोट ठेवलं तिने. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली हेच तपासलं होतं. इंग्रजीतली के, एल, एन, आर, व्ही ही पाच अक्षरं घेऊन त्यांनी लोकांना विचारलं, हे अक्षर शब्दात पहिलं जास्त वेळा येतं की तिसरं? बहुतेकांचं उत्तर ‘पहिलं’. खरं तर ही पाचही अक्षरं तिसऱ्या जागी जास्त वेळा येतात. पण पहिल्या अक्षरावरून शब्द पटापट आठवतात, तिसऱ्यावरून आठवत नाहीत. आणि जे चटकन आठवतं तेच जास्त असणार, असं मन धरून चालतं.

आपल्याला तर या सवयीचं बाळकडूच मिळतं. गाण्याच्या भेंड्यांमध्ये अक्षर येतं आणि गाणं त्याच अक्षराने सुरू करायचं. शेवटी ‘ळ’ आला की भांडण ठरलेलं, कारण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरूच होत नाही. मग ‘ल’वर तडजोड. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशापासून आजपर्यंत कुठलाही मराठी शब्दकोश उघडा, ‘ळ’च्या पानावर शब्द म्हणून हाताला काही लागत नाही. म्हणून मराठीत ‘ळ’ कमी आहे का? मी मामीला म्हटलं, ‘ळ’ असलेले शब्द सांग. कोळंबीवरून नजर न काढता तिने सुरुवात केली: कोळंबी, नारळ, तांदूळ, गूळ, डाळ, केळं, आंबोळी, चूल नको, मग विळी, शहाळं, झावळ, गळ, जाळं, मासळी. भाचा तेवढ्या वेळात ‘कळ’, ‘खळ’, ‘गळ’ करत बाराखडी चढत होता आणि ‘घ’पाशी अडकला.

मामी अक्षर शोधतच नव्हती. ती आधी स्वयंपाकघरात फिरली, मग माडाखाली, मग बंदरावर. दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि त्यात ‘ळ’ आहे का ते पाहायचं. आपल्या डोक्यात शब्द अर्थाच्या आणि उच्चाराच्या धाग्यांनी बांधलेले असतात. मधलं अक्षर हा धागाच नसतो. (‘चूल’ तिने स्वतःच बाद केली, हे बघा. चाळणी नंतर लागते.)

इंग्रजीत ‘ळ’च्या सर्वांत जवळचं अक्षर म्हणजे ‘एक्स’. त्याने सुरू होणारे शब्द बोटांवर मोजण्याइतके, पण बॉक्स, सिक्स, टॅक्सी, एक्झाम अशा शब्दांत तो सर्रास सापडतो. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. 1930 च्या दशकात त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते हाताने मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. एकूण 100 सोंगट्यांत ‘ई’ 12, ‘ए’ 9, ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच. ‘एस’ मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक जण शेवटी ‘एस’ चिकटवून अनेकवचनं करत बसला असता. ही मोजणी काही नवी नव्हती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना कुठला खण आधी रिकामा होतो हे नेहमीच ठाऊक असे, आणि तारेच्या मोर्स लिपीत ‘ई’साठी फक्त एक टिंब आहे ते याच हिशेबाने.

आता अक्षरांवरून शब्द शोधून देणाऱ्या फोनवरच्या ॲपकडे येऊ. सात अक्षरं द्या, डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे शब्द हजर. ते सगळ्या जुळण्या करून बघतं, असा भाच्याचा समज. सात वेगवेगळ्या अक्षरांपासून एक ते सात अक्षरी जुळण्या होतात 13,699. संगणकाला तेही जड नाही, पण तो हे करायला जात नाही.

तो काय करतो ते हापूसच्या हंगामात आमच्या खळ्यात दिसतं. आंबा उतरला की आधी निवड होते. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, असे आकाराप्रमाणे ढीग लावून पेट्या भरतात. गिऱ्हाइकाने पाच डझनी मागितली तर कोणी ढिगात हात घालून फळं तोलत बसत नाही, पेटी उचलून देतो. मेहनत आधीच झालेली असते.

ॲपही शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावून ठेवतं. ‘स्टॉप’ची अक्षरं एस, टी, ओ, पी, क्रमाने लावली की ओ, पी, एस, टी. ‘पोस्ट’चीही तीच होतात. ‘स्पॉट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’, ‘ऑप्ट्स’, सगळ्यांची तीच. मग ‘ओ-पी-एस-टी’ अशी चिठ्ठी लावलेल्या एका पेटीत हे सहाही शब्द जातात. तुमची अक्षरं त्याच क्रमाने लावली की पेटी सापडते. सात अक्षरांतून काही निवडायची तर असे गट होतात फक्त 127. तेवढ्याच पेट्या उघडायच्या. 13,699 वरून 127 वर आलो, आणि तेही नुसत्या क्रमाच्या जोरावर! मला हा विचार फार देखणा वाटतो.

‘अमुक अक्षरं असलेले शब्द’ हवे असतील तर वेगळी मांडणी लागते. प्रत्येक अक्षराची एक यादी, त्यात ते अक्षर असलेला प्रत्येक शब्द. ‘क्यू’ आणि ‘ई’ दोन्ही हवे तर दोन याद्यांतले सामाईक शब्द घ्यायचे. इथे सुरुवात दुर्मीळ अक्षराच्या छोट्या यादीपासून करायची. ‘ई’ची यादी हातात घेतली तर अर्धा शब्दकोश पायात येतो. फोन नसतानाही ही युक्ती चालते.

भाच्याचा ‘क्यू’ शेवटी ‘फकीर’मध्ये बसला. इंग्रजीत तो ‘के’ने लिहितात तसा ‘क्यू’नेही लिहितात, आणि मग ‘यू’ची गरजच नाही.

रात्री वीज आली. फोन थोडा चार्ज झाल्यावर भाच्याने मराठीसाठीही अशा पेट्या करायला घेतल्या. पहिला शब्द मामीचा, ‘नारळ’. संगणकासाठी त्यात चार तुकडे आहेत: न, काना, र, ळ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, काना या सगळ्या व्यंजनांच्या नंतर येतो. क्रम लावला, तर काना ‘न’चा हात सोडून शेवटी गेला आणि ‘ळ’ला चिकटला. पडद्यावर उमटलं, ‘नरळा’.

“ह्यो खंयचो माड?” मामीने विचारलं. भाचा आता सुटी अक्षरं न लावता ‘ना’, ‘र’, ‘ळ’ असे अख्खे तुकडे लावतोय. जोडाक्षरांचं काय करायचं, यावर जेवताना वाद चालू होता.